तळहातावरचं कडं

१

शवागाराच्या दारात सहायक निरीक्षक बिराजदारांनी बिभीषणला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका. ऐन वेळी भले भले घाबरतात. त्यात बाईमाणूस."

"म्हणजे काय, साहेब?"

"गोळी पाठीत लागलीय. डॉक्टर म्हणतात, वरून खाली शिरलीय. बंदूक उघडी पडलेली, दोन्ही नळ्या रिकाम्या. जमिनीवर काडतुसाची एकही रिकामी पुंगळी नाही. म्हणजे त्यांनी बार काढलाच नाही. बंदूक भरलेलीसुद्धा नव्हती. त्या पळत होत्या, बिभीषण."

बिभीषणने साहेबांचा हात खांद्यावरून काढून टाकला. हवालदाराने साहेबाचा हात असा झटकायचा नसतो. त्याची उभी नोकरी पोलिसात गेली होती, त्याला हे कळत होतं. तरी त्याने झटकला.

पूनम त्याची बायको. एका खासगी एजन्सीच्या कॅश व्हॅनवर बंदूकधारी गार्ड होती. बंदूक तिच्या वडिलांची, धुळाप्पांची. लांडग्यांपासून मेंढरं राखायला त्यांनी परवाना काढला होता. ते गेल्यावर दुनळी लेकीच्या नावावर आली. एजन्सीने महिला पथक काढलं तेव्हा पूनमचा बंदुकीसह फोटो बोर्डावर लावला होता. आज मंगळवारी दुपारी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एटीएमसमोर एक हेल्मेटवाला मोटारसायकलवरून आला. पैशाची बॅग गेली आणि पूनमही गेली.

आत सिद्धम्मा नावाची सफाईवाली बसली होती. ती उठून उभी राहिली. "हात अजून धुतले न्हाईत, दादा. साहेब म्हटले, धुऊ नको."

बिभीषणने पूनमचा डावा हात हातात घेतला. बोटं अर्धी मिटलेली, ताठ. तळहातावर एक गोल ठसा उमटला होता. बारक्या पोरीच्या बांगडीपेक्षाही लहान. काठ अगदी रेखीव, आणि आजूबाजूला काजळी. एखादी वस्तू जिवाच्या आकांताने आवळून धरली, की उमटतो तसा.

काहीतरी आवळून धरलं होतं. मग ते गेलं कुठे?

बाहेर त्याची सासू चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. सांगोल्याकडच्या माळरानावरून आली होती. डोळ्यांत टिपूस नव्हता.

"जावयबापू, ही मान्सं म्हनत्यात माजी पोर पळाली."

"म्हणू द्या, आई."

"का म्हनू द्या? बारकी हुती तवा कोकरू उचलाया लांडगा आला. बाप घरात न्हवता. काठी घिऊन उबी राह्यली की समोर. ती पळंल? पाठ दावंल?" म्हातारीने मूठ जमिनीवर आपटली. "तुमी पोलीस हायसा न्हवं? मग शोदा. माज्या पोरीला पळपुटी म्हनून जाळायची न्हाय."

बिभीषण तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याला एकच आठवत होतं. कालची, सोमवारची संध्याकाळ. दोघं काडतुसं आणायला दुकानात गेली होती. पूनमच्या जुन्या काडतुसांना ओल लागली होती, म्हणून ती तिने परत केली आणि नवी घेतली. दुकानदाराने हिरव्या रंगाची काढून दिली.

"अगंबाई, काकड्याच की," म्हणून ती हसली होती.

आज सकाळी निघताना त्यातल्या दोन काकड्या तिने पट्ट्यातून काढून वरच्या खिशात ठेवल्या होत्या. ऑफिसातून गाडी सुटली की बंदूक भरायची, हा तिचा नेम. तो त्याने रोज ऐकलेला.

आणि हे म्हणतात, बंदूक भरलेलीच नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. 'गार्डला संपूर्ण प्रशिक्षण दिलेले होते. मात्र ऐनवेळी त्यांचे धैर्य खचले.' बोलणारा होता एजन्सीच्या मालकाचा मुलगा आणि प्रशिक्षक, ऋतुराज. त्याच बाईचा फोटो लावून त्याने गिऱ्हाइकं मिळवली होती. तिची राख अजून सावडायची होती.

बिभीषण रजेवर होता आणि तपासात पडू नका असं बिराजदारांनी बजावलं होतं. राख सावडून तो थेट एजन्सीच्या ऑफिसात गेला.

ऋतुराजच्या टेबलावर नेमबाजीची पदकं मांडलेली होती. भिंतीवर कागदी निशाण्या चौकटीत लावल्या होत्या. काळ्या ठिपक्याच्या मधोमध भोकं.

"हवालदारसाहेब, आम्हालाही दुःख आहे. पण मी खोटं कसं बोलू? दर रविवारी खाणीतल्या रेंजवर सराव असतो. पूनमताईंच्या सगळ्या गोळ्या कागदावर लागायच्या. सगळ्या! आमच्यात काही कमी नव्हतं."

"कागद मोटारसायकलवर बसून अंगावर येतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पुढं बोला."

"बंदूक रिकामी होती, यात आमचा काय दोष?"

"नळीत काजळी होती म्हणतात."

"ती रविवारच्या सरावाची. ताईंनी साफ केली नसेल."

बिभीषणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी संध्याकाळी पूनम ओट्यावर बसून गजाला फडकं गुंडाळून नळी पुसायची, आणि तेलाचा वास येतो म्हणून तो तिच्यावर करवादायचा. पण नवऱ्याच्या शब्दाला किंमत काय? बंदूक तपासणीला पुण्याला गेली होती. अहवाल कधी येईल, देव जाणे.

"बिभीषण, गेल्या साली तुम्हीही सराव केला असेल की पोलिसांच्या रेंजवर," ऋतुराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "शिस्त ती शिस्त. शिस्तीनंच माणूस वाचतो."

बिभीषणला कुर्डुवाडीचं रेल्वे यार्ड आठवलं. कोयतेवाला चोर अंगावर आला तेव्हा रेंजवर नंबरात येणाऱ्या बिभीषणला पिस्तुलाची सेफ्टी काढायचं सुचलं नव्हतं. कानात नुसती शीळ वाजत राहिली. चोर स्वतःच पाय घसरून रुळावर पडला, म्हणून आज तो इथे बसला होता. रेंजवर कुणी तुमच्यावर धावून येत नाही. तिथे हुकूम येतो, मग बार निघतो. इथे हुकूम कोण देतं?

तो उठला. जिन्यात व्हॅनचा ड्रायव्हर तिप्पण्णा भेटला. अक्कलकोटकडचा, पिकल्या मिशांचा. बिभीषणला बघताच त्याने गळ्यात मिठी मारली.

"यप्पा, काय झालं हे दादा! पूनमताई मला काका म्हणायची हो."

"तुम्ही कुठं होता?"

"स्टेरिंगवर. माउली आत गेला शटर ओढून, मशिनमध्ये पैसे भरायला. ताई खाली उभी. गाडीवाला आला, पिस्तूल दाखवलं. मी सीटखाली डोकं घातलं. ताई गाडीकडं पळत आली बघा. त्यानं पाठीमागनं टाकली गोळी. मग मलाच पिस्तूल लावून बॅग काढून घेतली." तो डोळे पुसू लागला. "पळत आली म्हणून काय झालं, दादा. मीपण लपलोच की."

सांत्वन करत होता की शिक्का मारत होता, ते बिभीषणला कळेना. पण एक गोष्ट त्याने मनात टिपली. पूनम पळाली हे सांगणारा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हा एकटाच होता. आणि त्याच तोंडाने तो सांगत होता, की आपण सीटखाली डोकं घातलं होतं.

३

एटीएमसमोर रस्त्यावर अजून डाग होता. कुणीतरी त्यावर माती टाकली होती. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात माग खडखडत होते.

बिभीषण पूनम उभी होती तिथे उभा राहिला. पाठीशी व्हॅन असेल. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बंद शेडची पांढरी भिंत. तो चालत भिंतीपाशी गेला. माणसाच्या उंचीवर काही नव्हतं. मग त्याने मान वर केली.

पत्र्याच्या खाली, डोक्याच्याही वर, चुन्याला देवीचे व्रण पडावेत तशी बारीक भोकं पडली होती. दोन ठिकाणी, शेजारीशेजारी. त्याने दगडावर चढून नख घातलं. आतून शिशाचे छर्रे निघून त्याच्या तळहातावर पडले.

दोन बार. दोन्ही नळ्या. दोन्ही उंच गेले, कारण भेदरलेला हात वर जातो. कागदावर एक गोळी न चुकवणारी बाई वीस पावलांवरच्या माणसावर चुकली. पण तिने बार काढले होते. तोंड रस्त्याकडे करून, पाय रोवून काढले होते.

तो तिथेच खाली बसला आणि पूनम गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

"ओ दादा, पाणी देऊ का?"

समोरच्या पत्र्याच्या घरातून एक बाई बघत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. कमलम्मा तिचं नाव. तेलुगू घरातली, विड्या वळून पोट भरणारी.

"पोलिसांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"हां, विचारले की. मी सांगितले. त्यांनी लिहिले पण नाही. म्हणाले, माग चालू असताना काय ऐकणार तू."

"चालू होते माग?"

"कुठले हो! जेवणाची सुट्टी. सगळे बंद. मी सगळे ऐकले." तिने सूप बाजूला ठेवलं. "आधी दोन मोठे आवाज. ढाम, ढाम. भांडी हलली माझी. मी देवाचे नाव घेत कोपऱ्यात बसले. मग शिट्टी वाजली."

"शिट्टी?"

"पोलिसांची असते ना, तशी. लांब, एकच. मला वाटले, पोलीस आले, आता भ्यायला नको. म्हणून मी उठले. दारापाशी येते तोवर बारका आवाज झाला. फटाक्यासारखा. परत आत पळाले. नंतर बघते तर मोटारसायकल निघाली होती. आणि तो ड्रायव्हर बिचारा बाईजवळ बसलेला. तिचा हात असा दोन्ही हातांत धरून बसलेला. कोण एवढे करते हो आजकाल?"

पोलीस तर अर्ध्या तासाने आले होते. मग मंगळवारी दुपारी त्या रस्त्यावर शिट्टी वाजवली कुणी?

४

व्हॅनवरचा तिसरा माणूस, पैसे भरणारा माउली, भीतीने कामावर येत नव्हता. कुर्डुवाडीत रेल्वे कॉलनीच्या मागे त्याचं घर होतं. बिभीषणला बघून तो मोरीच्या दारापर्यंत मागे सरला.

"मी काय केलं न्हाय, हवालदार! शटर खाली हुतं. नियमच हाय तसा."

"शटर उचलायला किती जोर लागतो रे?" बिभीषणने त्याची कॉलर धरली. "बाहेर बाई मरत होती. तू आत काय करत होतास?"

"कान झाकून बसलो हुतो!" माउली ओरडला आणि मग एकदम ढिला पडला. "मशिनमागं. मुतलो हुतो पँटीत. सांगा समद्या गावाला. व्हय, भ्यालो. आमाला काय शिकवलंय तितं? कागदावर मारायला शिकवलंय."

बिभीषणने कॉलर सोडली. यार्डातली ती कानातली शीळ त्याला परत ऐकू आली. माउलीच्या बायकोने गुपचूप चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"कसं शिकवतात, ते सांग. पहिल्यापासून."

"सोपं हाय की. रांगेत उबं राहायचं. दोन बार काढायचे. शिट्टी वाजली की थांबायचं. बंदूक उघडायची, पुंगळ्या काढायच्या, खाली पडली आसंल तर वाकून उचलायची, मुठीत धरायची. मग पिशवी फिरती, त्यात टाकायच्या. पुंगळीचा हिशेब सरांना लागतो. एक जरी हरवली तरी समद्या रांगेला उनात उबं करायचे. पूनमताई लई शिस्तीची. शिट्टी वाजली रे वाजली, की ताईचं डोकं खाली. सर म्हनायचे, बगा, मशिन हाय मशिन. परत परत करून घ्यायचे. झोपंतनं उटवून शिट्टी वाजवली तरी हात पुंगळीकडं जायचा आमचा."

बिभीषणच्या हातातला चहाचा कप खाली आपटला आणि फुटला.

गोल ठसा. काजळी. काडतुसाच्या बुडाचा पितळी काठ.

ती पळत नव्हती. दोन बार काढून ती बंदूक परत भरणार होती. पट्ट्यात काडतुसं होती, छातीत धुळाप्पाचं काळीज होतं. तेवढ्यात शिट्टी वाजली. आणि दर रविवारी उन्हात घोटून घेतलेल्या त्या शरीराने शत्रू समोर उभा असताना बंदूक उघडली, पुंगळी मुठीत घेतली, आणि दुसरी उचलायला मान खाली घातली. एखाद्या बळीच्या बकऱ्यासारखी.

ज्याने शिट्टी वाजवली, त्याला हे ठाऊक होतं. परक्या दरोडेखोराला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

बिभीषण उठला. शिट्टीचा धनी एकच होता. पदकं मांडून बसलेला. त्याचा गळा आज आपल्या हातून सुटणार नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

५

सोलापूरला परतताना एसटीत त्याने मोबाइलवर एजन्सीचे व्हिडिओ उघडले. ऋतुराज दर आठवड्याला रेंजवरचा एक टाकायचा. पूनम होती त्यांत. त्याला फक्त ती हलताना बघायची होती.

ऋतुराज कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत होता. "मित्रांनो, आमच्या महिला पथकाची शिस्त बघा..." मागे रांग. धडाड धडाड बार झाले. पूनमचे खांदे दचकत नव्हते. मग शिट्टी वाजली. लांब, एकच. सगळ्या माना खाली गेल्या.

आणि ऋतुराज बोलतच होता. "...अशी शिस्त सोलापुरात कुठे मिळणार नाही."

बिभीषणने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. शिट्टी वाजत असताना ऋतुराजचे ओठ हलत होते. बोलणारा माणूस शिट्टी वाजवत नाही.

त्याने माउलीला फोन लावला. "शिट्टी कोण वाजवतं रे?"

"सर व्हिडिओत आसत्यात की. तिप्पण्णाकाका वाजवत्यात. पिशवीबी त्येच फिरवत्यात. गाडीत आमाला खानीवर न्हेत्यात, मग बसून काय करायचं, म्हनून सरांनी काम दिलंया."

एसटी खड्ड्यातून गेली. बिभीषणचं डोकं समोरच्या दांडीवर आदळलं, ते त्याला कळलंही नाही. दोन्ही हातांत पूनमचा हात धरून बसलेला बिचारा ड्रायव्हर त्याच्या डोळ्यांपुढे आला. कोण एवढं करतं आजकाल?

रात्र त्याने बिराजदारांच्या घराच्या पायरीवर काढली. सकाळी दूध घ्यायला साहेब बाहेर आले, तेव्हा बिभीषणने भिंतीतले छर्रे त्यांच्या हातावर ठेवले.

"साहेब, आज रविवार आहे. खाणीवर चला. मी चुकलो तर बडतर्फ करा."

बिराजदारांनी एक छर्रा उचलून उजेडात धरला. "कपडे बदलतो," एवढंच म्हणाले.

शहराबाहेरच्या त्या जुन्या दगडखाणीत सराव सुरू व्हायचा होता. रांग लागली होती. पूनमच्या जागेवर प्रियंका नावाची नवी मुलगी उभी होती. व्हॅन बाभळीखाली होती. पंचनामा झाल्यावर पोलिसांनी ती सोडून दिली होती. तिप्पण्णाच्या गळ्यात शिट्टी लोंबत होती.

"हे काय, हवालदारसाहेब? आमचा सराव चालू आहे," ऋतुराज म्हणाला.

बिभीषण त्याच्याशी बोललाच नाही. तो तिप्पण्णासमोर जाऊन उभा राहिला. "काका, पुंगळ्यांची पिशवी कुठं असते?"

"गाडीत. माझ्या सीटखाली." तिप्पण्णा हसला. मग ते हसू तिथेच थिजलं.

गोणपाटाची पिशवी बिराजदारांनी स्वतः काढली आणि दगडावर उपडी केली. लाल पुंगळ्यांचा ढीग पडला. सरावाची सगळी काडतुसं एजन्सीची, लाल. बिभीषण गुडघ्यांवर बसून ढीग चाळू लागला. रांगेतल्या बाया पुढे सरकल्या.

लाल. लाल. लाल.

हिरवी.

आणि थोड्या वेळाने दुसरी हिरवी.

"ही कुणाची?" बिराजदारांनी विचारलं.

"पूनमताईचीच असतील," तिप्पण्णा घाईने म्हणाला. "मागच्या रविवारी वापरली असतील इथं."

"हिरवी काडतुसं तिनं सोमवारी घेतली," बिभीषण म्हणाला. "मी होतो बरोबर. दुकानदार आहे. मंगळवारी ती मेली. सोमवार आणि मंगळवारच्या मधे रविवार येतो का, काका?"

तो बिराजदारांकडे वळला.

"साहेब, तुम्ही म्हणाला, बार निघालाच नाही. ह्या बघा पुंगळ्या. भिंतीत छर्रे आहेत. म्हणजे ती रस्त्याकडं तोंड करून उभी होती आणि पाठ गाडीकडं होती. डॉक्टर म्हणतात, गोळी पाठीत वरून खाली शिरली. समोर जमिनीवर उभा असलेला माणूस पाठीत, वरून गोळी कशी घालेल? गोळी मागून आली. उंचावरून आली. गाडीच्या खिडकीतून. आणि गाडीत एकच माणूस होता. समोरच्या शत्रूकडं तोंड करून तिनं पाठ ज्याच्या भरवशावर टाकली, तो."

"खोटं आहे!" तिप्पण्णा ओरडला.

"मुठीतली पुंगळी तुम्ही काढलीत आणि खाली पडलेली उचललीत. कमलम्मानं पाहिलंय हात धरलेला. त्या तशाच राहिल्या असत्या, तर रेंजवरच्या कुठल्याही माणसानं एका नजरेत ओळखलं असतं की शिट्टी वाजली होती. म्हणून काढल्या. इथवर अक्कल चालली. पण मग टाकल्या कुठं?" बिभीषणचा आवाज पहिल्यांदा चढला. "गटार होतं शेजारी! पत्र्याच्या शेडवर फेकायच्या! पण तुमचाही हात पिशवीकडंच गेला. पुंगळी म्हटलं की पिशवी. झोपेतनं उठवलं तरी. ज्या सवयीनं ती मेली, त्याच सवयीनं तुम्हाला धरलंय!"

तिप्पण्णाने मागे पाहिलं. मागे खाणीचा कडा होता. तो मटकन खाली बसला.

"माझा भाचा होता गाडीवर," तो मातीकडे बघत म्हणाला. "ती घाबरंल, बंदूक टाकंल, असं वाटलं. तिनं तर बार काढले. दुसऱ्यांदा भरती तर पोरगं मेलं असतं. काय करू? गळ्यात शिट्टी होती. वाजवली. आणि ती... वाकली हो. एकदम वाकली. वर बघितलंसुद्धा नाही."

"मग वाकली होती की," बिराजदारांनी दात आवळून विचारलं. "तुमचा भाचा सुटला होता. गोळी कशाला घातली?"

"वर बघितलं असतं तर मी दिसलो असतो. पिस्तूल हातात घेऊन."

बिभीषणचा हात वर उठला. बिराजदारांनी तो हवेतच धरला.

६

भाचा अक्कलकोटजवळच्या एका मळ्यात सापडला, पैशाची बॅग आणि तिप्पण्णाने त्याच्याकडे सोपवलेलं पिस्तूल, दोन्हींसकट. पेपरात बातमी आली, आतल्या पानावर. पळपुटी हा शब्द छापताना पहिलं पान लागलं होतं, आणि तो खोडायला आतला कोपरा पुरला.

ऋतुराजला काही झालं नाही. बिराजदारांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "कलमच नाही, बिभीषण. चुकीचं शिकवलं म्हणून कुठलं कलम लावू?"

ऋतुराज त्याला ऑफिसच्या खाली भेटला. "खरं सांगायचं तर ड्रायव्हर वाईट निघाला. आमच्या सरावात काय चूक होती?"

"तुम्ही तिला बार काढायला शिकवलं," बिभीषण म्हणाला. "बार काढून झाल्यावर समोरचा माणूस तसाच उभा असतो, हे शिकवलं नाही. तुमचा कागद कधी उलटून आला नाही ना, म्हणून. शिट्टीला मान तुकवणारी माणसं तयार केलीत. मग शिट्टी ज्याच्या हातात, त्याची ती झाली. यात चूक काय ते तुम्हाला आयुष्यात कळणार नाही. मेडल पुसत बसा."

पुढच्या रविवारी तो चिमाबाईला घेऊन खाणीवर गेला. ऋतुराजने अडवलं नाही. बघणारे बरेच होते आणि बिराजदारही साध्या कपड्यांत आले होते. म्हातारी काठी टेकत रांगेसमोरून चालत गेली. प्रत्येकीसमोर थांबली. प्रियंकाचा डावा हात तिने हातात घेतला, उघडला, आणि तळहाताच्या मधोमध बोटाने एक गोल काढला.

"हितं आसं कडं उटलं हुतं माज्या पोरीच्या," ती म्हणाली. "पळाली न्हवती ती. पर खाली बगितलं तिनं. तुमी बगू नगा, पोरींनो. लांडगा जाईस्तवर लांडग्याकडं बगायचं. पुंगळी कुटं पळून जात न्हाय."

मग ती बिभीषणशेजारी येऊन उभी राहिली.

बार झाले. खाणीच्या कड्याला आवाज जाऊन परत आला. आज शिट्टी ऋतुराजच्या स्वतःच्या तोंडात होती. त्याने ती वाजवली. लांब, एकच.

रांगेतले खांदे सवयीने हलले. एकदोन माना अर्ध्यावर गेल्या आणि थांबल्या. प्रियंकाने समोरच्या निशाणीवरून नजर न काढता बंदूक उघडली, झटका देऊन पुंगळ्या मातीत पडू दिल्या, आणि चाचपडत पट्ट्यातून नवी काडतुसं काढून भरली. तिच्या शेजारणीने तसंच केलं. मग तिच्या शेजारणीने.

ऋतुराजने पुन्हा शिट्टी फुंकली. गाल फुगवून, पुन्हा एकदा फुंकली.

लाल पुंगळ्या पायांपाशी पडून होत्या. खाली कुणीच बघितलं नाही.